डब्यांवरून लढाईचा अदमास

बाबा कारखान्यात नेमकं काय करतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी एम.ए.ला आंतरराष्ट्रीय सुरक्षा व लष्करी धोरण हा विषय घेऊन बसले होते. कारखाना सरकारी, दारूगोळ्याचा. कलकत्त्याच्या उत्तर टोकाला, बागबाजार ओलांडून पुढे गेलं की गंगेच्या काठाने त्याची लांबच लांब विटांची भिंत लागायची. त्याचं नाव मी इथेही लिहीत नाही. बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, त्या वेळची यंत्रं भंगारात गेली असतील, तरी हात अडखळतो. वसाहतीच्या फाटकावरच्या पानवाल्याला आत काय बनतं ते तपशीलवार माहीत होतं. फक्त आमच्या घरात तो विषय वर्ज्य. बाबा तिथे असिस्टंट वर्क्स मॅनेजर होते. नोकरीला लागताना त्यांनी गुप्ततेच्या कागदावर सही केली होती आणि ती सही त्यांनी फार मनावर घेतली होती. "आज तिकडे पाऊस झाला का हो?" असं आईने विचारलं तरी ते दोन क्षण थांबायचे. कारखाना घरापासून पाऊण मैलावर. पाऊस दोन्हीकडे एकच. पण कारखान्याच्या आवारात तो पडला की नाही हे आपण सांगावं का, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर चाललेला दिसायचा. मग म्हणायचे, "इथे झाला ना?" संपलं.

आईचा वैताग वेगळा होता. तिला देशाच्या गुपितांशी कर्तव्य नव्हतं. जेवायला माणूस किती वाजता येणार एवढंच हवं होतं. आम्ही तिघंच घरात. मोठा भाऊ नोकरीला नागपूरला. आई गिरगावातली, लग्न होऊन कलकत्त्यात आली तेव्हा मोहरीच्या तेलाच्या वासाने तिला आठवडाभर जेवण गेलं नव्हतं म्हणे. चोवीस वर्षं झाली तरी तिने गोडं तेल सोडलं नाही. कोकम आणि गोडा मसाला मुंबईहून येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर मागवायची, आणि तो मसाला संपत आला की आमटीला नुसता वास लावायची. मात्र शेजारच्या बंगाली माशीमांकडून, म्हणजे मावशींकडून, ती खसखशीची बटाट्याची भाजी शिकली होती आणि ती बाबांना इतकी आवडायची की आठवड्यातून दोनदा तरी व्हायचीच. खसखस पाट्यावर वाटायची, दुपारभर. ती भाजी गरमच खायची असते. बाबा कधी सहाला यायचे, कधी नऊला. "अहो, उशीर होणार असेल तर सकाळी सांगा ना. भाजी किती चिरू तेवढं तरी सांगा," ती म्हणायची. बाबा बुटाची नाडी बांधत राहायचे.

अशा घरातून मी लष्करी धोरण शिकायला गेले यात बंड वगैरे काही नव्हतं. बी.ए.ला मला राज्यशास्त्रात बरे गुण पडले, एम.ए.ला एक विशेष विषय घ्यायचा होता, आणि बाकीच्या विषयांना खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. या विषयाला आम्ही पाच जण. चार मुलगे आणि मी. नातेवाइकांना मात्र तोंड देता देता नको झालं. पुण्याच्या आत्याने पत्रातून विचारलं, मुलगी लष्करात जाणार की पोलिसात? दुसऱ्या पत्रात, तिच्या पाहण्यात एक स्थळ होतं, पण त्यांना "एम.ए. कशात?" याचं उत्तर काय द्यायचं ते तिला सुचेना. शेवटी तिने "इतिहास" असं सांगून टाकलं. वर्गातल्या मुलांनी पहिल्याच दिवशी माझं नाव "बर्गी" ठेवलं. अठराव्या शतकात बंगालवर चाल करून आलेल्या मराठा स्वारांना बंगाली माणूस बर्गी म्हणतो. आजही हट्टी पोराला त्यांचाच धाक घालतो. पाच फूट उंचीची, चष्मा लावणारी, चतुर्थीचा उपास करणारी मी, आणि म्हणे बर्गी.

बाबांना मी विषय सांगितला तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. इतकंच म्हणाले, "घरात या विषयावर चर्चा नको." मी म्हटलं, "बाबा, परीक्षेला आहे तो." ते म्हणाले, "परीक्षा विद्यापीठात असते."

विद्यापीठाची तर तऱ्हाच होती. आज संप, उद्या घेराव, परवा कुणाच्या तरी निषेधार्थ वर्ग बंद. ट्रामने तासभर लोंबकळत जावं आणि फाटकाला कुलूप बघून परत यावं, असं आठवड्यातून दोनदा. परीक्षा पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. आमच्याआधीच्या वर्षाची झाली नव्हती तर आमची कुठून होणार. ग्रंथालयात पुस्तकं होती ती सगळी दोन बड्या राष्ट्रांच्या अणुबाँबची. कोणी कुणाला किती धाक घातला म्हणजे कोणीच बटण दाबत नाही, याची पानंच्या पानं. आपल्या सरहद्दीचा धड नकाशा मात्र मागितला की ग्रंथपाल मान हलवायचे. तो बंद कपाटात, आणि किल्ली असलेले गृहस्थ रजेवर. लढाई शिकायची, पण नकाशा बघायचा नाही! आमचे प्रोफेसर भादुडी म्हणजे साठीला आलेला, धोतर नेसणारा, अतिशय सज्जन माणूस. धाक या विषयावर ते इतकं सुंदर शिकवायचे की बाहेर धडाम आवाज झाला तरी खडू थांबायचा नाही. रस्त्यावरची पोरं सुतळी गुंडाळून हातबाँब करायची, त्याला तिकडे 'पेटो' म्हणत. "तो पेटो," सर म्हणायचे, "त्याला धोरण नसतं. आपण धोरणाकडे वळू."

सरांनी एकदाच आम्हाला वर्गाबाहेर नेलं. पूर्वेच्या सरहद्दीपलीकडून त्या वर्षी माणसांचे लोंढेच्या लोंढे येत होते. सॉल्ट लेक तेव्हा नावालाच वसाहत होती; भराव घातलेलं वाळूचं माळरान, आणि गटारांसाठी आणून टाकलेले सिमेंटचे प्रचंड नळ. त्या नळांत माणसं राहत होती. एका नळात एक कुटुंब, तोंडाला गोणपाटाचा पडदा. आम्ही वह्या घेऊन गेलो होतो, प्रश्नावली होती. मी एका बाईसमोर उकिडवी बसले. माझ्याच वयाची असेल, मांडीवर तापाने फणफणलेलं मूल. मी गाव विचारलं, माणसं किती विचारलं. ती सगळ्याची उत्तरं देत गेली, आणि मग तिने मलाच विचारलं, "आम्ही परत कधी जाणार, सांगता येईल का, दीदी? तुम्ही शिकलेल्या." मी सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते. दीड वर्ष मी हाच विषय शिकत होते, आणि 'कधी' या एका शब्दावर माझ्याजवळ बोलायला काही नव्हतं. परतीच्या बसमध्ये मुलं धाकाच्या सिद्धांतावर वाद घालत होती. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

त्याच पावसाळ्यात आमच्या घराचं वेळापत्रक बिघडायला लागलं. आधी भोंगा. कारखान्याचा भोंगा आमच्या वसाहतीचं घड्याळच होता. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी वाजायचा, आणि रविवारी गप्प असायचा. श्रावणात तो रविवारीही वाजू लागला. मग डबे. बाबांचा दुपारचा एक डबा असायचा, तिथे आई दुसरा संध्याकाळचा पाठवू लागली; कारखान्याची गाडी वसाहतीत येऊन सगळ्या घरांतून डबे गोळा करायची. कोणत्या दिवशी दोन डबे ते लक्षात राहीना, म्हणून आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. एक डबा, एक रेघ. दोन डबे, फुली. धुणं भिजवताना ती बाबांच्या पँटच्या दुमडी उलटून झाडायची, त्यात पितळेचा कीस सापडायचा. पूर्वी चिमूटभर, आता चांगला मूठभर. "या माणसाला ऑफिसात खुर्ची आहे की नाही?" ती चिडून म्हणायची. विश्वकर्मापूजेला कलकत्त्यातलं कुठलंही यंत्र फिरत नाही. यंत्रांना हार घालतात, माणसं गच्चीवर पतंग उडवतात. त्या वर्षी पतंग उडाले, आणि भोंगाही वाजला. दुर्गापूजेचं वसाहतीतलं नाटक रद्द झालं, कारण नायक, खलनायक आणि पडदा ओढणारा असे तिघेही पाळीवर होते. आणि एक दिवस माशीमा भिंतीवरून आईला म्हणाल्या, भाचीच्या लग्नाला यांना रजा नाही म्हणतात. कार्तिकी अमावास्येच्या आत कुणालाच नाही, त्यानंतर हवी तेवढी घ्या म्हणतात. "ही काय रीत झाली?" माशीमा म्हणाल्या.

मी तिथेच मोरीशी उभी होते. बाबांनी एक अक्षर सांगितलेलं नव्हतं, आणि सगळं घर बोलत होतं.

दिवाळीत मी तो निबंध लिहिला. सत्राला एक निबंध वर्गात वाचायचा असे. मी त्यात कारखान्याचं नाव घातलं नाही, 'उत्तर कलकत्त्यातील एक वसाहत' इतकंच म्हटलं, आणि स्वतःला फार सावध समजले. भोंगा, डब्यांच्या फुल्या, पितळेचा कीस, रद्द झालेलं नाटक, रजा, सगळं एकाखाली एक मांडलं आणि निष्कर्ष काढला की एक ठरावीक काम ठरावीक तारखेच्या आत पुरं करायचं आहे, ती तारीख दिवाळीनंतर महिन्याने येणाऱ्या कार्तिकी अमावास्येच्या आसपास आहे, आणि माल बाहेर पडला की लढाई केव्हाही. कॅलेंडरवरच्या फुल्या मोजायला मी ते खिळ्यावरून काढलं तेव्हा आईने विचारलं, "कशाला गं?" मी म्हटलं, "अभ्यासाला." ती म्हणाली, "चतुर्थी बघायची असते मला, परत लाव." मला सांगायला हरकत नाही, आयुष्यात नंतर मी पुष्कळ लिहिलं, पण तो निबंध लिहिताना जो आनंद झाला तो पुन्हा कधी झाला नाही. बाबांना दाखवावा असं एकदाही मनात आलं नाही. घरात चर्चा नको, असं त्यांनीच सांगितलं होतं ना? मग भोगा.

भाऊबीज होऊन आठवडा झाला असेल. सर निबंध आधी वाचून इतके खूश झाले होते की त्यांनी त्याच्या सायक्लोस्टाइल प्रती काढायला लावल्या आणि त्यांच्या ओळखीच्या एका निवृत्त ब्रिगेडियरना ऐकायला बोलावलं. मी वाचला. मुलं, जी मला पहिल्या दिवसापासून बर्गी म्हणत होती, ती चक्क गप्प बसून ऐकत होती. संपल्यावर सर म्हणाले, "शाब्बाश, बोशुधा!" बंगालीत वसुधाची बोशुधा होते. ब्रिगेडियर सावकाश उठले. त्यांनी विचारलं, "मिस देवस्थळी, तुमचे वडील कुठे काम करतात?"

मी सांगून टाकलं. नावासकट, हुद्द्यासकट, अभिमानाने. लष्करी धोरणाची विद्यार्थिनी! इतकी मूर्ख मुलगी मी नंतरच्या तीस वर्षांच्या शिकवण्यात पाहिली नाही. ब्रिगेडियरनी प्रतीची घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि सरांना म्हणाले, "बाकीच्या प्रती तुमच्या कपाटात ठेवा. आजच."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी अकरा वाजता बाबा घरी आले. या वेळेला ते घरी आल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आई ताक घुसळत होती. रवी तशीच ठेवून बाहेर आली. "बरं नाही का वाटत?" बाबा खुर्चीवर बसले, बूट काढले, बुटांत मोजे नीट घालून ठेवले. म्हणाले, "चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय." "कसली चौकशी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वसू, तू काही लिहिलंस?"

मी हो म्हटलं.

"ते तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही, बाबा. आईच्या डब्यांवरून... भोंग्यावरून. मी अंदाज केला."

"ते म्हणतात, असा अंदाज करता येत नाही. मीच सांगितलं असणार." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "चोवीस वर्षं," एवढं म्हणून ते न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडल्याचा आवाज येत राहिला.

त्या दिवसांबद्दल मला अजून चीड येते, आणि कोणाची ते अजून ठरलेलं नाही. पलीकडे भोंगा वाजायचा आणि बाबा खुर्चीतून अर्धवट उठायचे, मग बसायचे. वसाहतीतल्या बायका आईशी बोलताना एकदम हवापाण्यावर बोलू लागल्या. माशीमा तेवढ्या नेहमीसारख्या येत. पण त्यांचे यजमान आमच्या फाटकासमोरून जाताना मान फिरवायचे. मी विद्यापीठात सरांकडे गेले. म्हटलं, तुम्ही लेखी द्या की हा निबंध निरीक्षणावरून लिहिलाय, ही पद्धतच आहे, तुम्हीच शिकवलीत. सरांनी चष्मा काढला, घातला, परत काढला. "देतो, देतो. पण शोनो, ऐक, मी काय लिहू? मी तर तुमच्या घरी आलो नव्हतो." इतके दिवस ज्याने बलाढ्य राष्ट्रांना धाक कसा घालायचा ते शिकवलं, तो माणूस एका कागदावर सही करायला घाबरत होता. आज मी त्यांच्या वयाच्या पुढे गेले, तेव्हा थोडं समजतं. तेव्हा समजलं नाही. मी त्यांना म्हणाले, "सर, याला तरी धोरण असतं का?" आणि दार आपटून निघाले.

घरी येऊन आईला म्हटलं, मीच जाते कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे. बाबा म्हणाले, कोणीही जायचं नाही. बाबांचा शब्द मोडलेला मी आईला कधी पाहिलं नव्हतं. ती आत गेली, नऊवारी बदलून इरकली नेसली, खिळ्यावरचं कॅलेंडर काढून गुंडाळी केली आणि म्हणाली, "चल गं." बाबा म्हणाले, "अहो, काय करताय?" ते आईला कधी अहो म्हणत नसत. घाबरले होते. आई म्हणाली, "तुम्ही बसा. तुम्हाला घरी बसायला सांगितलंय."

सुरक्षा अधिकारी पंजाबी होते, लष्करातून आलेले, कडक इस्त्रीचे. त्यांच्या टेबलावर माझा निबंध होता, आणि त्यावर लाल शिक्का, 'गोपनीय'. मी म्हटलं, मी कुठली ओळ कशावरून लिहिली ते दाखवते, निबंध द्या. ते म्हणाले, "हा गोपनीय कागद आहे. तुम्हाला बघता येणार नाही." "मी लिहिलाय तो!" "तुम्हाला अधिकार नाही." मी आ वासला. मग त्यांनी आईकडे वळून अदबीने विचारलं, "माताजी, साहेब घरी कामाबद्दल काय बोलतात?"

आईचं हिंदी म्हणजे गिरगावातलं. तिने पदर खोचला. "क्या बोलते? कुछ नहीं बोलते! शाम को कब आएँगे, वो भी नहीं बोलते. मेरेको बताते तो इतना भाजी फुकट जाता क्या?" मग तिने कॅलेंडर टेबलावर पसरलं आणि महिन्यामागून महिना दाखवत गेली. ही रेघ, ही फुली. हा दिवस, दोन डबे पाठवले, एक तसाच परत आला, आंबला. इथे मूग भिजवले, हे आले नाहीत. इथे माझा उपास, तरी खसखस वाटली, आले नाहीत. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्या माणसासमोर ओतलं गेलं. "चोवीस साल नौकरी किया, और मैं उनकी बायको, मेरेको पता नहीं वो आदमी दिनभर क्या करता है. आप बोलते हैं बेटी को बताया? अरे, बेटी की शादी की बात नहीं करते, तोफ की करेंगे?"

तो माणूस हसला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. त्याने कॅलेंडर जवळ ओढलं, निबंधाची पानं उलटली, एकेक फुली जुळवून पाहू लागला. मला भोंग्याच्या वेळा विचारल्या. पितळेचा कीस कुठे टाकता, विचारलं. आई म्हणाली, भांडी घासायच्या राखेत. बराच वेळ गेला. शेवटी पेन ठेवून तो मला म्हणाला, "तुमच्या वडिलांनी काही सांगितलेलं नाही. पण बेटी, तुला जे चार भिंतींत दिसलं, ते भिंतीबाहेरच्या माणसाला दिसू नये, यासाठीच ते गप्प होते ना?"

नळातल्या त्या बाईला उत्तर द्यायचं होतं, हे मी त्याला सांगायला हवं होतं की काय, कोण जाणे. पण उत्तर मी तिला दिलंच नव्हतं. दिलं होतं ते टाळ्या वाजवणाऱ्या खोलीला.

आई कॅलेंडर गुंडाळायला लागली. त्याने हात आडवा धरला. "माताजी, हे इथेच राहील." आणि आमच्या डोळ्यांदेखत औषध कंपनीच्या, गणपतीचं चित्र असलेल्या त्या कॅलेंडरवर लाल शिक्का मारला. फाटकाशी आल्यावर आई म्हणाली, "म्हणजे आता मला चतुर्थी कळायची कशी?"

नऊ दिवसांनी बाबांना कामावर बोलावलं. आरोप काढला, पण 'घरगुती सावधगिरीचा अभाव' असा शेरा त्यांच्या फाइलमध्ये राहिला आणि पुढच्या वर्षी मिळायची ती बढती त्यांच्या हाताखालच्या माणसाला मिळाली. निवृत्त होईपर्यंत ते असिस्टंटच राहिले. मला त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, आणि न बोलण्याची त्यांची सवय इतकी जुनी होती की हे रागाचं मौन की नेहमीचं, ते ओळखायला काही साधन नव्हतं. मी मात्र रोज त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. निबंध सरकारजमा झाल्यामुळे मला दुसरा लिहावा लागला, पंधरा दिवसांत. सरांनी विषय सुचवला: मराठा डिच. बर्गी येतील या भीतीने कलकत्तेकरांनी बागबाजारापासून खणायला घेतलेला खंदक. "सव्वादोनशे वर्षं झाली," सर म्हणाले, "तिथे कुणाचे वडील नोकरीला नाहीत." बर्गी शहरावर आले नाहीत, खंदक अर्धाच राहिला. त्यावर मी चाळीस पानं लिहिली, आणि त्या निबंधाला दुसऱ्या वर्गाचे गुण मिळाले.

लढाई झाली. खिडक्यांना काळे कागद चिकटवले, पंधरवड्यात ती संपली, रस्त्यांवर लोकांनी गुलाल उधळला. थंडी ओसरता ओसरता सॉल्ट लेकची माणसं परत जाऊ लागली. मी एकदा एकटीच बसने तिथे गेले. नळ बहुतेक रिकामे होते. ती बाई कुठल्या नळात होती तेही मला नक्की सांगता येईना. एक म्हातारा सामान बांधत होता. त्याला मी तिच्याबद्दल विचारलं, पण मला तिचं नावच माहीत नव्हतं. प्रश्नावलीत नावाचा रकाना नव्हता.

त्यानंतर वर्षभराने बाबांची बदली खडकीला झाली. परीक्षा नुकतीच झाली होती, निकाल केव्हा लागेल ते देवाला ठाऊक. घरभर खोकी, आई स्वयंपाकघरात बरण्यांना चिंध्या गुंडाळत होती. मी आणि बाबा बाहेरच्या खोलीत वळकट्या बांधत होतो. ते गुडघा दाबून दोर आवळत, मी गाठीवर बोट धरत असे. सहा वळकट्या झाल्या. सातवीला मी म्हटलं, "बाबा, माझं चुकलं." त्यांनी गाठ पुरी केली. दोराचं टोक आत खोचलं.

"तुझा निबंध मला वाचायला दिला होता त्यांनी. चौकशीच्या वेळी," ते म्हणाले. "चांगला लिहिला होतास. भाषा सोपी होती."

मी वाकून उरलेला दोर गोळा करू लागले.

"फक्त चार दिवसांनी चुकलीस."

मला वाटलं, ऐकण्यात काही तरी चूक झाली. मी वर पाहिलं. बाबा वळकटीवर बसले होते, हाताच्या तळव्याला दोराचा वळ उठला होता, तो चोळत होते. मग ते पुढे वाकले आणि ज्या आवाजात माणसं देवळात बोलतात त्या आवाजात म्हणाले, "आमचं काम अमावास्येलाच झालं होतं. रेल्वेच्या वाघिणी चार दिवस उशिरा आल्या. नाहीतर तुझं बरोबर होतं."

एवढं बोलून त्यांनी दाराकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.